उडी आहे तशी राहू द्या

प्रति,
जुन्या व्हिडिओ गेमचे हक्क ज्यांच्या ताब्यात आहेत त्या कंपन्यांचे प्रमुख, आणि कोणता जुना गेम विकायचा, कशा रूपात विकायचा, कधी बंद करायचा हे ठरवणारे सर्वजण यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात माझ्या सात वर्षांच्या मुलीच्या हातात मी पहिल्यांदाच ‘सुपर मारिओ ब्रदर्स’चा कंट्रोलर दिला आणि शेजारी गप्प बसलो. कुठलं बटण कशाचं, शत्रू कोण, जायचं कुठे, एक अक्षर सांगितलं नाही. स्क्रीनच्या डाव्या अंगाला तो टोपीवाला छोटा माणूस उभा होता आणि उजवीकडे सगळं मोकळं होतं. तिने बटणं चाचपून पाहिली, माणूस चालू लागला, आणि समोरून भुवया चढवलेला एक तपकिरी प्राणी डुलत डुलत आला. ती सरळ त्याच्यावर जाऊन आदळली. डाव गेला, पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. दुसऱ्या खेपेला तो प्राणी जवळ आला तसा तिने अंगठा दाबला, आणि त्याच क्षणी तिचे दोन्ही खांदे कानांपर्यंत वर गेले. स्क्रीनवर मारिओने उडी मारली आणि बसल्या जागी तिनेही मारली.

हे पत्र त्या वर गेलेल्या खांद्यांविषयी आहे.

तो गेम १३ सप्टेंबर १९८५ रोजी जपानमध्ये विक्रीला आला. माझ्या मुलीच्या जन्माच्या आधी ३० हून अधिक वर्षं. तिला त्याची कसलीही आठवण असायचं कारण नाही. त्याचं संगीत ऐकून तिला कुठलीही सुट्टी आठवत नाही, कुणी जुना मित्र आठवत नाही. तरी पाऊण तास ती जागची हलली नाही. तुमच्याकडून जुना गेम पुन्हा येतो तेव्हा मात्र त्याच्याबरोबर नेहमी एकच सूर येतो: ते दिवस आठवा. वर्धापनदिन, खास डबा, मर्यादित काळ. जुन्या गेमचं गिऱ्हाईक म्हणजे चाळिशी ओलांडलेला, बालपणाकडे वळून पाहणारा माणूस, असं तुम्ही धरून चालता. मी त्या वयाचा आहे आणि मला त्या आठवणी प्रिय आहेत. पण या गेममध्ये जे टिकलं आहे ते आठवणींमुळे टिकलेलं नाही. ते हातात टिकलेलं आहे. आणि तुमच्या ताब्यात नेमकं काय आहे हे तुम्हाला कळल्याशिवाय ते तुम्ही नीट सांभाळणार नाही, अशी भीती वाटते म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

उडीपासूनच सुरुवात करतो. या गेममध्ये उडीचं बटण दिव्याच्या बटणासारखं नाही, की दाबलं आणि काम झालं. ते जितका वेळ दाबून धराल तितकी उडी उंच जाते. टिचकी मारून सोडलंत तर बुटकी उडी, धरून ठेवलंत तर डोक्यावरच्या विटेपर्यंत. धावत येऊन मारलेली उडी उभ्या जागेवरून मारलेल्या उडीपेक्षा वर पोचते. हे आतून कसं चालतं ते हौशी लोकांनी गेमचा कोड उलगडून ओळ न् ओळ वाचून दाखवलं आहे. बटण दाबलेलं आहे आणि मारिओ वर जातो आहे तोवर गुरुत्वाकर्षण हलकं ठेवलेलं असतं. बटण सुटलं, किंवा उडीचा माथा आला, की ते तिपटीहून जास्त जड होतं. म्हणून वर जाताना तो क्षणभर तरंगतो आणि खाली येताना चटकन जमीन धरतो. खऱ्या जगात असं होत नाही. खऱ्या जगात पाय जमिनीवरून सुटल्यावर हवेत मागेपुढे सरकताही येत नाही, इथे येतं. तरीही कंट्रोलर हातात धरलेल्या माणसाला यातलं काहीच खोटं वाटत नाही, कारण उडी मारताना मनात जी इच्छा असते ती अगदी अशीच असते. वर जाताना जरा रेंगाळावं, उतरताना वेळ दवडू नये, आणि अंदाज चुकला असेल तर शेवटच्या क्षणी थोडं सावरून घेता यावं.

वेगाचंही तसंच. चालण्याचा कमाल वेग दर फ्रेमला दीड पिक्सेलच्या किंचित वर, धावण्याचा अडीचच्या किंचित वर. फ्रेम म्हणजे स्क्रीनवर क्षणभर दिसणारं एक चित्र, आणि अशा सेकंदाला ६० फ्रेम. वेगाचा हिशेब पिक्सेलचेही सोळा भाग करून ठेवलेला आहे. त्यामुळे मारिओ एकदम पळत सुटत नाही, वेग धरतो. थांबताना थोडा घसरतो. उलटा वळताना पाय रोवून कचकन फिरतो. त्याला वजन आहे. छोट्या मारिओच्या उडीचा आवाज बारीक आणि मशरूम खाऊन मोठा झालेल्याचा जाड, एवढा फरकसुद्धा कुणीतरी बसून केलेला आहे.

माझ्या मुलीला यातलं काही माहीत नाही आणि माहीत असायची गरजही नाही. पण पहिल्या पंधरा मिनिटांत तिचा अंगठा शिकला. सुरुवातीला ती प्रत्येक वेळी बटण पूर्ण दाबून धरायची, मग बुटक्या अडथळ्याला तिचा अंगठा आपोआप लवकर सुटायला लागला. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहायचं सोडून नखाकडे पाहत होतो. बटणावर दाब देताना नख पांढरं पडायचं, सोडलं की गुलाबी व्हायचं, आणि त्या पांढऱ्या-गुलाबीचा ठेका हळूहळू स्क्रीनवरच्या उड्यांशी जुळत गेला. शिक्षण डोळ्यांदेखत होताना मला इतक्या स्पष्टपणे क्वचित दिसलं आहे.

आणि डाव गेला की चूक कुणाची हे तिला कळतं. हे फार महत्त्वाचं आहे. बाजूने पाहायच्या सपाट जगात खड्डा किती रुंद आहे, शत्रू किती लांब आहे, पुढची फळी किती उंच आहे, सगळं एका नजरेत आणि बिनचूक दिसतं. त्रिमितीत खोलीचा अंदाज बांधावा लागतो, म्हणून तिथे पात्राच्या पायाखाली सावली टाकावी लागते, कॅमेरा फिरवावा लागतो. त्या खेळांचं सुख वेगळं आणि तेही मला आवडतं. पण सपाट खेळ म्हणजे त्रिमितीची कच्ची आवृत्ती, यंत्र दुबळं होतं म्हणून नाइलाजाने केलेली, असं जे समजलं जातं ते मला पटत नाही. १९९६ मध्ये ‘सुपर मारिओ ६४’ आल्यावर बाजूने धावण्याचे दिवस संपले असं वाटण्यासारखी परिस्थिती होती. दहा वर्षांनी, २००६ मध्ये, ‘न्यू सुपर मारिओ ब्रदर्स’ हा पुन्हा बाजूने धावण्याचा गेम आला आणि त्याच्या तीन कोटींहून अधिक प्रती खपल्या. २०१८ चा ‘सेलेस्ट’ हा डोंगर चढण्याचा गेम एका छोट्या चमूने केला. त्यातही सगळं काम उडीचंच आहे. नकाशा सपाट असतो म्हणून तो पृथ्वीच्या गोलापेक्षा कमी दर्जाचा ठरत नाही. त्याचं काम वेगळं असतं आणि ते तो चोख करतो.

आता पहिल्या लेव्हलविषयी. हा गेम घडवणाऱ्या शिगेरु मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी ती कशी बांधली याविषयी त्यांनी स्वतः अनेकदा सांगितलेलं आहे, त्यामुळे हे माझ्या मनचे मांडे नाहीत. ही लेव्हल सुरुवातीची असली तरी ती बऱ्याच उशिरा केली गेली, बाकीचा खेळ कसा आहे हे बनवणाऱ्यांना नीट कळल्यानंतर. तो तपकिरी गूम्बाही शेवटी शेवटी आला. आधी कासवं होती, पण कासव म्हणजे उडी मारा, ते कवचात जाईल, मग कवचाला लाथ मारा, एवढं सगळं नवख्याला पहिल्याच भेटीत झेपेना. म्हणून ज्याच्यावर नुसती उडी मारली की काम होतं असा सोपा शत्रू हवा होता. तोवर कार्ट्रिजमध्ये, म्हणजे गेम ज्यात भरलेला असतो त्या डबीत, जागा उरली नव्हती. मग गूम्बाचं एकच चित्र ठेवलं आणि ते डावं-उजवं उलटवत राहिले. त्याचं ते डुलत चालणं, ज्याला माझी मुलगी हसली, ते जागेच्या टंचाईतून आलेलं आहे.

पुढे मशरूम. प्रश्नचिन्हाच्या ठोकळ्यातून तो निघतो, उजवीकडे घरंगळतो, खाली पडतो, पाईपला आपटतो आणि उलटा फिरून थेट तुमच्याकडे येतो. नवख्या माणसाने आत्ताच शिकलेलं असतं की समोरून येणाऱ्या मशरूमसारख्या वस्तूपासून पळायचं. तो उडी मारून चुकवायला जातो, पण वर विटांची रांग आहे, डोकं आपटतं आणि मशरूम अंगावर येतोच. मरण्याऐवजी मारिओ मोठा होतो. माझी मुलगी अशीच घाबरून उडाली, अशीच विटेला आपटली, आणि मग स्वतःच्या मारिओकडे डोळे विस्फारून पाहत राहिली. ४० वर्षांपूर्वी कुणीतरी कागदावर आखून ठेवलेला क्षण माझ्या शेजारी, त्या दोघांनी कधीही न पाहिलेल्या मुलीच्या बाबतीत, जसाच्या तसा घडला.

त्याच लेव्हलच्या शेवटाकडे दोन जिने समोरासमोर येतात, मध्ये मोकळी जागा आणि खाली पक्की जमीन. तिथे उडी हुकली तरी काही बिघडत नाही, खाली पडाल आणि परत चढाल. थोडं पुढे तसेच दोन जिने, तसंच अंतर, पण या वेळी खाली खड्डा. आधी तालीम, मग परीक्षा, आणि मध्ये एकही सूचना नाही. याच्या अगदी उलट अनुभव मला अलीकडे एका नव्या गेममध्ये आला. पहिली दहा मिनिटं दर पाच पावलांवर खेळ थांबायचा आणि चौकट उघडून सांगायचा की आता हे बटण दाबा. मुलीने कंट्रोलर खाली ठेवला आणि म्हणाली, हा आपल्याला खेळू देत नाही. तिला जे बोचलं ते मलाही बोचलं. मुलांना शिकवलेलं नको असतं असं नाही. त्यांना आपण शिकलो असं वाटायला हवं असतं.

या सगळ्या गेमला जागा किती लागली, तर ४० किलोबाइट. त्यातले ३२ प्रोग्रामला आणि ८ चित्रांना. ज्या फॅमिकॉम यंत्रावर तो चालायचा त्याची काम करायची मेमरी २ किलोबाइट. आठ जगं, प्रत्येकात चार, अशा ३२ लेव्हल त्यात बसवायच्या म्हणून लेव्हलचं चित्र साठवलेलंच नाही. इथे पाईप, इथे खड्डा, इथे विटांची ओळ, अशी प्रत्येक वस्तू अवघ्या २ बाइटांत नोंदवलेली आहे आणि खेळ चालू असताना जमीन मारिओच्या पुढे पुढे उभी राहत जाते. आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप हे एकच चित्र आहे, एकदा पांढरं रंगवलेलं, एकदा हिरवं. काही लेव्हल पुढे जरा जास्त कठीण होऊन परत येतात. कोजी कोंडो यांनी हातावर मोजता येतील इतक्या आवाजांत या गेमच्या संगीताच्या चाली बसवल्या, आणि २०२३ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने त्यातली मुख्य चाल राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत दाखल केली. व्हिडिओ गेमच्या संगीताला तो मान पहिल्यांदाच मिळाला.

हे मी कौतुकाने सांगतो आहे, पण कौतुकासाठी सांगत नाही. इतक्या तंग जागेत केलेल्या कामात सैल असं काही उरत नाही. एक गोष्ट हलवली की दुसरी हलते, आणि तुमच्यापैकी पुष्कळांना जुना गेम परत आणताना तो ‘सुधारून’ आणावासा वाटतो, तिथे माझा जीव खालीवर होतो.

एक उदाहरण देतो. १९९३ मध्ये हाच गेम ‘सुपर मारिओ ऑल-स्टार्स’ या संचात नव्याने करून आला. चित्रं कितीतरी देखणी, पार्श्वभूमीला डोंगर, संगीत भरदार. सगळं काळजीने केलेलं. पण मूळ गेममध्ये मोठ्या मारिओने डोक्याने वीट फोडली की तो तिला आपटून खाली येतो, आणि या नव्या आवृत्तीत वीट फुटल्यावरही तो वरच जात राहतो. बस, एवढाच फरक. चित्रांच्या झगमगाटात तो नजरेलाही येऊ नये. पण मूळ गेम खेळलेल्या हाताला तो पहिल्याच विटेला कळतो. वीट फोडून लगेच पुढची फोडायची जी लय असते ती मोडते. वीट वीट राहत नाही, कागद होतो. गेमचा आत्मा वगैरे मोठे शब्द मला वापरायचे नाहीत, मी एवढंच म्हणतो की गेम कुठे राहतो हे त्या विटेवरून कळतं. तो चित्रांत राहत नाही. तो बटण आणि पाऊल यांच्या मधल्या जागेत राहतो.

त्याच जागेचा दुसरा शत्रू म्हणजे उशीर. मी आणि मुलगी खेळतो ते जुन्या कन्सोलवर, जुनं कार्ट्रिज घालून, पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर. एकदा हाच गेम एका नव्या यंत्रातून मोठ्या सपाट टीव्हीवर लावला. चित्र लख्ख, रंग सुंदर, आणि मी तिसऱ्याच खड्ड्यात पडलो. मुलगीही पडली. तिने मला विचारलं, याला आज काय झालंय? झालं एवढंच होतं की बटण दाबल्यापासून पाय सुटेपर्यंत मध्ये काही फ्रेम हरवत होत्या. सपाट टीव्ही चित्र दाखवण्याआधी त्यावर प्रक्रिया करतात, आणि जुनं यंत्र सॉफ्टवेअरने वठवताना आणखी उशीर वाढू शकतो. एका फ्रेमला १६ मिलिसेकंद आणि थोडे वर. तशा चार-सहा फ्रेम गेल्या की धावताना मारिओ दहा-पंधरा पिक्सेल पुढे गेलेला असतो, म्हणजे जवळजवळ एका विटेइतका. कड्याच्या टोकावरून उडायचं असेल तर तेवढ्यात खेळ संपतो. मुलीला कारण माहीत नव्हतं, पण तिचे खांदे त्या दिवशी उचलले गेले नाहीत. उडी तिची राहिली नव्हती. टीव्हीचा गेम मोड लावल्यावर बरंच सुधारलं, पण हे ज्याला माहीत नाही तो माणूस कंट्रोलर ठेवून देईल आणि म्हणेल की जुने गेम असेच असतात, अवघड आणि अडाणी. तो दोष गेमच्या नावावर लागतो आणि पुसला जात नाही.

वेगाने गेम संपवण्याची स्पर्धा करणारे खेळाडू हे अंतर आपल्या सगळ्यांपेक्षा बारकाईने जाणतात. जमिनीखालच्या १-२ मध्ये, म्हणजे पहिल्या जगातल्या दुसऱ्या लेव्हलमध्ये, छतावरून धावत गेलं की पुढच्या जगांत नेणारे पाईप सापडतात, आणि ४-२ मधून थेट आठव्या जगात जाता येतं, त्यामुळे ३२ पैकी फक्त ८ लेव्हल खेळून शेवटी सोडवायच्या राजकन्येपर्यंत पोचता येतं. २०२१ मध्ये ही वेळ ४ मिनिटे ५५ सेकंदांच्या आत आली. या खेळाडूंना ठाऊक आहे की लेव्हल संपल्यावर पुढे जायचं की नाही हे गेम दर २१ फ्रेमनी एकदाच तपासतो. ते त्याला बसची उपमा देतात: बस ठरलेल्या वेळीच सुटते, तुम्ही थांब्यावर थोडं आधी पोचलात म्हणून लवकर सुटत नाही, पण एका फ्रेमने चुकलात तर पुढच्या बसची वाट पाहावी लागते. १९८५ साली प्रोग्रामरच्या सोयीसाठी घातलेलं ते घड्याळ आज शेकडो लोकांच्या सरावाचा पाया आहे. कुणी तो ‘दोष’ म्हणून दुरुस्त केला तर त्यांच्या वर्षानुवर्षांच्या मेहनतीचं मैदानच निघून जाईल. भिंतीतून आरपार जाऊन उणे एक नावाच्या, कधीही न संपणाऱ्या पाण्याच्या लेव्हलमध्ये पोचण्याचा जो प्रसिद्ध घोटाळा आहे, तोही असाच. तो कुणी मुद्दाम ठेवला नव्हता, पण आता तो या गेमच्या भूगोलाचा भाग आहे. कृपा करून त्याला हात लावू नका.

मारिओचं एक वेळ ठीक आहे. चार कोटींहून अधिक प्रती खपलेला गेम जगातून नाहीसा होणार नाही, कुठल्या ना कुठल्या मार्गाने तो मिळत राहील. मला काळजी आहे ती त्याच्या भावंडांची, ज्यांची उडी तितकीच विचारपूर्वक घडवलेली होती पण ज्यांचं नाव तितकं झालं नाही. व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने २०२३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. २०१० पूर्वी अमेरिकेत आलेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात कुठल्याही रूपात विकत मिळत नाहीत, असं त्यात दिसलं. शंभरातले तेरा मिळतात. यंत्र बदललं, दुकान बंद झालं, हक्क एका कंपनीकडून दुसरीकडे गेले, संगीताचा परवाना संपला, किंवा कुणालाच त्यात फायदा दिसला नाही. माझ्याही बाबतीत एकदा असं झालं. एका ऑनलाइन दुकानातून मी रीतसर पैसे भरून काही जुने गेम घेतले होते. ते दुकान बंद झालं, मग यंत्र बिघडलं, आणि मी घेतलेल्या गोष्टी मला परत उतरवून घेता आल्या नाहीत. पुस्तकाचं दुकान बंद पडलं म्हणून कपाटातली पुस्तकं कुणी घेऊन जात नाही.

ग्रंथालयं आणि संग्रहालयं हे काम आपल्या शिरावर घ्यायला तयार आहेत. अमेरिकेत त्यांनी मागणी केली होती की संग्रहातले, बाजारात न मिळणारे गेम संशोधकांना दुरूनही अभ्यासता यावेत. तुमच्या उद्योगाच्या संघटनेने त्याला विरोध केला आणि २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये तिथल्या कॉपीराइट कार्यालयाने ती सवलत नाकारली. हे गेम लोक करमणुकीसाठी खेळतील अशी त्यामागची एक भीती होती. मी हे वाचलं तेव्हा फार वाईट वाटलं. जो गेम तुम्ही विकत नाही, विकायचा बेत नाही, तो कुणी खेळला तर तुमचं काय जातं? आणि न खेळता गेमचा अभ्यास कसा करायचा? कोड छापून भिंतीवर लावला तरी त्यातून उडी कळणार नाही. ज्या वाद्याला हात लावायची मनाई आहे त्याचा सूर कुणाला कळणार?

२०२१ च्या ऑगस्टमध्ये या गेमची एक प्रत २० लाख डॉलरना विकली गेली. ती खास होती कारण तिचं मूळ वेष्टन कधीच उघडलेलं नव्हतं. घेणाऱ्याबद्दल माझ्या मनात काही नाही, ज्याला जे मोलाचं वाटतं ते त्याने जपावं. पण मी त्या डब्याचा फोटो बराच वेळ पाहत बसलो. आत तेच ४० किलोबाइट, तोच गूम्बा, तोच पाईपला आपटून परत येणारा मशरूम. त्या कार्ट्रिजवर कुणाचंही बोट कधी पांढरं पडलं नाही आणि आता पडणारही नाही.

म्हणून तुमच्याकडे मागणं आहे, आणि ते आवाक्याबाहेरचं नाही. जुना गेम आणाल तेव्हा मूळ आवृत्ती तिच्या सगळ्या खोडींसकट आत ठेवा. नवी चित्रं, मागे जाण्याची सोय, जास्तीचे जीव, हवं ते द्या, ज्यांना लागतं त्यांना उपयोगी पडतं, पण ते बंद करता येऊ द्या. उशीर मोजा आणि कमी करा. वेष्टनाच्या रंगावर जेवढ्या बैठका होतात त्याच्या अर्ध्या त्यावर होऊ द्या. मर्यादित काळाची विक्री थांबवा. जे गेम तुम्हाला परवडत नाहीत ते ग्रंथालयांना द्या, आणि त्यांच्या वाटेत उभे राहू नका. वर्गणीत गेम द्यायला हरकत नाही, पण ज्याला एकदाच पैसे देऊन कायमचा घ्यायचा आहे त्यालाही घेऊ द्या. आणि ज्यांनी हे गेम घडवले ते लोक अजून आहेत तोवर त्यांच्याशी बोलून, त्यांच्या वह्या, आलेख, टाकून दिलेल्या लेव्हल, सगळं नीट नोंदवून घ्या. मियामोतो आणि तेझुका यांनी सांगितलं म्हणून आपल्याला त्या दोन जिन्यांचं मर्म कळलं. बाकी किती गेममधले जिने असे आहेत की ज्यांच्याविषयी आता सांगायला कुणी उरलेलं नाही.

मुलगी सध्या ४-१ मध्ये अडली आहे. वर ढगात बसलेला एकजण तिच्यावर काटेरी प्राणी टाकत असतो आणि त्यांच्यावर उडी मारून चालत नाही. आतापर्यंत जे शिकली ते इथे उपयोगाचं नाही, यामुळे ती दोन दिवस चिडलेली होती. काल तिला सुचलं की थांबायचंच नाही, पळत राहायचं. लेव्हल जिथे संपते तो झेंडा चार विटांवर असताना पडली, आणि कंट्रोलर मांडीवर ठेवून हात झटकून परत उचलला.

तिच्या मामेबहिणीलाही हा गेम हवा आहे. तिच्याकडे जुनं कन्सोल नाही, जुना टीव्ही नाही. ‘तिला आपल्यासारखाच कुठे मिळेल?’ असं मुलीने मला विचारलं. आपल्यासारखाच, या शब्दावर तिचा जोर होता, कारण त्या सपाट टीव्हीवरचा दिवस ती विसरलेली नाही. हे ज्यांच्या हातात आहे त्यांना विचारून सांगतो, असं मी तिला म्हणालो आहे. आपल्या उत्तराची वाट पाहतो.

आपला,
एक खेळाडू आणि एका खेळाडूचा बाप